चाल कुणाची, पद कुणाचे?

जुन्या संगीत नाटकाचे एखादे छापील पुस्तक ज्यांच्या घरात अजून शिल्लक असेल, त्यांनी ते उघडून कोणत्याही पदाच्या डोक्यावर काय छापले आहे ते जरूर पाहावे. पद सुरू होण्यापूर्वी बारीक टाइपात एक ओळ असते. तिच्यात राग आणि ताल दिलेला असतो, आणि पुढे ‘चाल’ असा शब्द घालून दुसऱ्याच कुठल्यातरी गाण्याचे पहिले दोन-तीन शब्द दिलेले असतात. हे दुसरे गाणे कधी हिंदुस्थानी चीज असते, कधी लावणी असते, कधी पारशी रंगभूमीवरचे उर्दू किंवा गुजराथी गाणे असते, तर कधी चक्क कानडी पद असते. नाटककाराने सरळ सांगून टाकलेले असते की, बाबांनो, शब्द माझे आहेत, पण ते अमुक गाण्याच्या चालीवर म्हणावयाचे आहेत.

मी इतिहासाचा शिक्षक. मला ही ओळ एखाद्या लहानशा शिलालेखासारखी वाटते. दानाच्या शिलालेखावर देणाऱ्याचे आणि घेणाऱ्याचे अशी दोघांचीही नावे असतात. या ओळीतही देणारे गाणे कोणते आणि घेणारे कोणते याची नोंद असते. गाणारे गेले, ऐकणारे गेले, नाटकगृहेही पडली. पण कोणत्या काळी कोणती चाल कोणत्या भाषेतून कोणत्या भाषेत शिरली, याचा पुरावा त्या बारीक टाइपात राहिला आहे. आपल्यासारख्या दोन भाषांत नांदणाऱ्या जिल्ह्यांतील वाचकांनी या पुराव्याकडे थोडे लक्ष द्यावे, एवढ्यासाठी हा लेखनप्रपंच.

अलीकडे तरुण मुलांच्या मोबाइलवर जुन्या गाण्यांची नवी रूपे सतत ऐकू येतात. कुणी भावगीत गिटारवर म्हणतो, कुणी अभंगाला ड्रमची साथ देतो. शिशुनाळ शरीफसाहेब हे एकोणिसाव्या शतकातले संतकवी. त्यांची कन्नड तत्त्वपदे रघु दीक्षित यांनी विजेच्या गिटारीच्या साथीने म्हटली. 2008 साली निघालेल्या त्यांच्या पहिल्या अल्बमनंतर ते शब्द कॉलेजच्या मुलांच्या तोंडी जाऊन बसले. घरातली वडीलधारी मंडळी अशी गाणी ऐकून कानांवर हात ठेवतात. मूळ गाण्याची मोडतोड झाली, असा त्यांचा आक्षेप असतो. आक्षेप अगदीच खोटा आहे असे मी म्हणणार नाही. वाईट नक्कल सगळ्याच काळात होत आली आहे. पण ओळखीच्या गाण्याला अनोळखी वेष चढवण्याचे काम आपल्या आजोबा-पणजोबांनी केले नव्हते, असे मात्र कुणी समजू नये. मराठी नाट्यसंगीताची इमारत बऱ्याच अंशी याच कामावर उभी राहिली, आणि तिचे काही पायाचे दगड आपल्या कर्नाटकाच्या बाजूने गेलेले आहेत.

आपल्या अंगणातली देवघेव

नाटकाकडे वळण्यापूर्वी आपल्या अंगणात जरा डोकावू. गुलबर्गा ही बहामनी राज्याची पहिली राजधानी. ख्वाजा बंदेनवाज गेसूदराज यांचे 1422 साली येथेच देहावसान झाले. त्यांच्यानंतरच्या दख्खनी सूफी परंपरेत, विशेषतः विजापूरकडे, ‘चक्कीनामा’ आणि ‘चरखानामा’ असे दोन गीतप्रकार रूढ झाले. बायका दळताना आणि सूत काततानाच म्हणावयाची ही गाणी. आशय सगळा अध्यात्माचा. पण तो बसवला जात्याच्या फेऱ्यावर. खुंटा, जाते, पीठ या रोजच्या वस्तूंतून परमेश्वराचे नाव शिकवायचे. मदरशात जे शिकवून झाले नसते, ते या दळणाच्या लयीने घरोघरच्या अक्षरशत्रू बायकांपर्यंत पोचवले.

आपल्या भागात त्याच जात्यावर मराठी बाई ओवी म्हणे आणि कन्नड बाई ‘बीसुव कल्लिन पद’ म्हणे. कन्नडमधली त्रिपदी आणि आपली ओवी यांची घडण वेगळी आहे, हे खरे. पण दगडावर दगड फिरण्याची गती सगळ्यांना एकच. एका वाड्यात दोन भाषांच्या बायका दळायला बसल्या की, एकीचा सूर दुसरीच्या गळ्यात उतरायला परवाना लागत नसे.

दुसरे उदाहरण आपल्या नित्यपाठातले आहे. ‘गुरुचरित्रा’चे कर्ते सरस्वती गंगाधर हे ज्या सायंदेवांच्या वंशातले, ते घराणे आळंद तालुक्यातल्या कडगंचीचे. त्यांच्या घरची भाषा कन्नड, आणि ग्रंथ मात्र मराठी ओवीत. तरीही या मराठी पोथीत श्रीनृसिंहसरस्वतींच्या स्तुतीची कन्नड पदे तशीच्या तशी आली आहेत. सप्ताहाला बसलेला कोकणातला किंवा पुण्याकडचा वाचक, ज्याला कन्नडचे अक्षरही येत नाही, तो ती पदे आपल्या नेहमीच्या ओवीच्या सुरातच म्हणून जातो. गाणगापूरच्या परिसरात मी हे अनेकदा ऐकले आहे. कन्नड पद, मराठी पोथी, आणि उच्चार वाचकाच्या गावचा! एका भाषेचे गाणे दुसरीच्या वळणात शिरल्याचे याहून जवळचे उदाहरण आपल्याला सापडणार नाही.

तिसरे उदाहरण हुमनाबादजवळच्या माणिकनगरचे. श्रीमाणिकप्रभूंचा जन्म 1817 सालचा, बसवकल्याणजवळच्या लाडवंतीचा. 1865 साली त्यांनी माणिकनगरी समाधी घेतली. त्यांची पदे मराठीत आहेत, हिंदीत आहेत, कन्नडमध्ये आहेत, आणि संस्कृतातही आहेत. सर्व मतांना जागा देणारा त्यांचा सकलमत संप्रदाय. त्यामुळे गाण्यालाही भाषेची मज्जाव-चौकी कधी बसली नाही. दत्तजयंतीच्या उत्सवात तेथे संगीत दरबार भरतो. एकाच बैठकीत दख्खनी हिंदीचे पद आणि त्यापाठोपाठ मराठी पद, तेच गायक आणि तेच साथीदार, हा प्रकार बिदर जिल्ह्यातल्या माणसाला नवलाचा वाटत नाही. बाहेरून आलेल्या पाहुण्याला मात्र तो आधी समजावून द्यावा लागतो.

सांगली, गदग आणि पुणे

आता रंगभूमी. 1843 साली सांगलीला विष्णुदास भावे यांनी ‘सीतास्वयंवर’ हे नाटक केले आणि मराठी रंगभूमीचा प्रारंभ झाला, हे आपण शाळेत शिकतो. त्याच्या आदल्या वर्षी कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींनी सांगलीला खेळ केले होते, आणि ते पाहूनच चिंतामणराव पटवर्धन यांनी भाव्यांना तसे काही करण्यास सांगितले, ही गोष्ट मात्र घाईने सांगितली जाते. पुढे मराठी नाटक मंडळ्या धारवाड, हुबळी, गदग अशा गावांतून फिरू लागल्या आणि तेथील कन्नड प्रेक्षक मराठी नाटकांना गर्दी करू लागले. हे पाहून गदगच्या सक्करी बाळाचार्य ऊर्फ शांतकवी यांना वाईट वाटले. आपल्या भाषेत नाटक का नसावे, या ईर्षेने त्यांनी 1870 च्या दशकात ‘उषाहरण’ लिहून कन्नड मंडळी उभी केली. म्हणजे कन्नड खेळ पाहून मराठी नाटक जन्मले, आणि मराठी नाटक पाहून उत्तर कर्नाटकातल्या कन्नड नाटकाने उभारी धरली. अशा ऋणाचा जमाखर्च कुणी कोणत्या वहीत मांडावा?

संगीत नाटकाचे जनक अण्णासाहेब किर्लोस्कर यांचा जन्म 1843 सालचा, बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. काही काळ त्यांनी बेळगावला शिक्षकाचे काम केले. गोविंद बल्लाळ देवल हे तेथलेच त्यांचे विद्यार्थी. अण्णासाहेबांच्या कानावर लहानपणापासून मराठी कीर्तनातली साकी-दिंडी पडत होती, तशी कानडी पदेही पडत होती. पुण्यात पारशी मंडळीचा ‘इंद्रसभा’ हा उर्दू खेळ पाहिल्यावर असे गाते नाटक मराठीत का होऊ नये, हे त्यांच्या मनाने घेतले, असे सांगतात. 31 ऑक्टोबर 1880 रोजी पुण्यात ‘संगीत शाकुंतल’चे पहिले चार अंक रंगभूमीवर आले. दोन वर्षांनी, 1882 साली, ‘संगीत सौभद्र’ आले.

या नाटकांतील पदांची संख्या पाहिली म्हणजे आजच्या वाचकाला भोवळ येईल. एकट्या ‘शाकुंतला’त दोनशेच्या आसपास पदे होती. इतक्या पदांना नव्या चाली बांधत बसणे एका माणसाचे काम नव्हे. अण्णासाहेबांनी त्या बांधल्याही नाहीत. लोकांच्या ओठावर ज्या चाली होत्या त्या उचलल्या. कीर्तनातली साकी आणि दिंडी, बायकांच्या गाण्यांतली ओवी, तमाशातली लावणी, कानडी पदांच्या चाली, आणि हिंदुस्थानी चिजा. या सगळ्या कालिदासाच्या शकुंतलेच्या आणि व्यासांच्या सुभद्रेच्या तोंडी घातल्या. आज आपण त्यांना अभिजात म्हणतो. 1880 च्या प्रेक्षकाला मात्र त्यांतल्या कितीतरी चाली ओळखीच्या होत्या. आपल्या आळीतल्या गाण्याचा सूर राजदरबारातल्या पात्राच्या तोंडून ऐकताना त्याला जी गंमत वाटत असेल, ती आपल्याला आता पुस्तकातल्या त्या ‘चाल’ ओळीवरूनच अदमासाने कळते.

पुढे श्रीपाद कृष्ण कोल्हटकर आले. 1896 च्या ‘वीरतनय’पासून त्यांनी साकी-दिंडीचा जुना संसार मोडून पारशी रंगभूमीवरच्या उर्दू-गुजराथी चालींचा नवा मांडला. त्यावर ‘हे मराठी वळण नव्हे’ अशी कुरकुर झाली. पण ज्याला लोक मराठी वळण म्हणत होते, त्यात कानडी चाल मुरून अवघी पंधरा-सोळा वर्षे झाली होती! परकी चाल आपली व्हायला किती काळ लागतो, याचे हे चांगले माप आहे.

तंजावरपासून अमेरिकेपर्यंत

ही उचल एकट्या मराठी नाटकवाल्यांनीच केली असे नाही. मराठी माणूस दूर तंजावरला गेला, तेथे हाच प्रकार उलट दिशेने घडला. भोसल्यांच्या राज्यात मराठी कीर्तनकार तिकडे जात-येत. त्यांच्या कीर्तनातली साकी, दिंडी, ओवी आणि अभंग ही वृत्ते तेथल्या हरिकथेने उचलली. तंजावरच्या कृष्ण भागवतरांनी एकोणिसाव्या शतकात तमिळ हरिकथेला जे रूप दिले, त्यात तमिळ शब्द आणि मराठी दिंडी एकत्र नांदू लागली. तमिळ श्रोत्याला त्यात काही परके वाटेनासे झाले, इतकी ती तेथे रुळली.

त्याच मुलखातले मुत्तुस्वामी दीक्षितर (1775–1835) हे कर्नाटक संगीतातल्या त्रिमूर्तींपैकी एक. कंपनी सरकारच्या बँडवर वाजणाऱ्या इंग्रजी धुना त्यांनी ऐकल्या आणि त्यांवर देवदेवतांच्या स्तुतीचे संस्कृत शब्द बसवले. या रचनांना ‘नोट्टुस्वर’ म्हणतात. त्यांतली एक रचना ‘गॉड सेव्ह द किंग’ या इंग्रजांच्या राजगीताच्या धुनेवर आहे, आणि तिच्यात स्तुती आहे देवीची. ज्या धुनेला गोरे शिपाई आपल्या राजासाठी ताठ उभे राहत, तिच्यावर एका ब्राह्मणाने देवीला आळवले. गंमत अशी की 1831 साली अमेरिकेत त्याच धुनेवर तेथल्या स्वातंत्र्याचे गीत म्हटले गेले, आणि तेही इंग्रजांच्या जोखडातून सुटलेल्या लोकांकडून! एकच धून राजाचा जयजयकार करते, देवीची पूजा करते आणि स्वातंत्र्याचेही गुण गाते. धुनेला स्वतःचा असा पक्ष नसतो, एवढेच यावरून म्हणता येईल.

कोठ्यावरची चाल, सिंधूच्या तोंडी

मराठी रंगभूमीवर या कलेचा कळस झाला तो 1911 ते 1919 या आठ-नऊ वर्षांत. 1911 च्या ‘मानापमान’ला गोविंदराव टेंबे यांनी चाली दिल्या, 1916 च्या ‘स्वयंवर’ला भास्करबुवा बखले यांनी दिल्या. भास्करबुवांनी काही काळ धारवाडला संगीतशिक्षकाचे काम केले होते, हे आपल्याकडच्या वाचकांनी लक्षात ठेवण्यासारखे आहे. या दोघांनी ख्यालाच्या आणि ठुमरीच्या बंदिशी नाटकात आणल्या. आता ख्यालाच्या बंदिशीत शब्द कोणते असत? सासू-नणंदेचा जाच, परदेशी गेलेला पिया, अंगणात वाजणारी पैंजणे. ते शब्द काढून तेथे खाडिलकरांनी रुक्मिणीचे आणि भामिनीचे शब्द घातले.

हे काम दिसते तितके सोपे नसते. ब्रजभाषेतले शब्द मऊ, स्वरांत ते हवे तसे लांबवता येतात. मराठीत जोडाक्षरे जास्त. जेथे मूळ बंदिशीत सम येते, तेथे मराठीतला महत्त्वाचा शब्द यावा लागतो. जेथे तान घ्यायची, तेथे ‘आ’कारान्त अक्षर असलेले बरे. चाल आधी आणि शब्द मागून, असा व्यवहार असल्यामुळे खाडिलकरांची काही पदे वाचताना ओढाताणीची आणि दुर्बोध वाटतात, अशी टीका तेव्हाही झाली आणि आजही होते. टीका खरी आहे. पण बालगंधर्वांच्या गळ्यातून ती पदे आली की प्रेक्षक अन्वय लावत बसत नसत. अर्धा-पाऊण तास चालणारा ख्याल नाटकात पाच-दहा मिनिटांच्या पदात आवरायचा, तरी त्याची ऐट जाऊ द्यायची नाही, हे गणित त्यांनी सोडवले. पुढे गंधर्व मंडळीत साथीला ऑर्गन, कादरबक्षांची सारंगी आणि अहमदजान थिरकवा यांचा तबला आला. बैठकीतला ख्याल विलायती ऑर्गनच्या साथीने ऐकणे हे तेव्हाच्या कर्मठ गवयांना आजच्या गिटारइतकेच खटकले असेल.

सर्वांत धाडसाचा प्रयोग 1919 सालचा, ‘एकच प्याला’चा. गडकरी त्या वर्षी जानेवारीत वारले, आणि पुढच्याच महिन्यात बडोद्याला नाटक रंगभूमीवर आले. त्यातील पदे वि. सी. गुर्जर यांनी रचली, आणि चालींसाठी सुंदराबाईंचे साहाय्य झाले. सुंदराबाई पूरब अंगाच्या ठुमरी-दादऱ्याच्या आणि गझलेच्या नामांकित गायिका. म्हणजे ज्या चाली उत्तरेकडे कोठ्यावर, रसिकांच्या मैफलीत रंगत, त्या मराठी रंगभूमीवर आल्या आणि कोणाच्या तोंडी गेल्या? दारुड्या नवऱ्याच्या संसारात दळण दळणाऱ्या सिंधूच्या तोंडी. जी गाणी ऐकायला पांढरपेशा घरातली बाई कधी गेली नसती, ती तिच्या पातिव्रत्याची गाणी झाली आणि माजघरात गुणगुणली जाऊ लागली. ठुमरीतली आर्तता तीच राहिली. तिचे कारण तेवढे बदलले. नव्या रूपाने जुन्या गाण्याचा अपमान होतो असे ज्यांना वाटते, त्यांनी या एका उदाहरणाचा विचार करावा. सिंधूच्या पदांनी ठुमरीचे काही हिरावून घेतले नाही. उलट ठुमरीला त्यांनी एक नवे घर मिळवून दिले.

परतीचा प्रवास

मुंबईहून निघालेली लोहमार्गाची वाट 1871 साली रायचूरला भिडली आणि पुणे, सोलापूर, गुलबर्गा ही गावे एका रुळावर आली. नाटक मंडळ्यांचे पेटारे आणि मागाहून ग्रामोफोनच्या तबकड्या या वाटेने फिरू लागल्या. कन्नड रंगभूमीवर मग मराठी नाट्यपदांच्या चाली सर्रास येऊ लागल्या. गदगचे गरुड सदाशिवराव आणि त्यांची दत्तात्रेय नाटक मंडळी, वामनराव मास्तरांची विश्वगुणादर्श मंडळी, या उत्तर कर्नाटकातल्या नामवंत कंपन्या. वामनराव मास्तरांच्याच कंपनीत लहानपणी मल्लिकार्जुन मन्सूर होते. आपण जिला चाल म्हणतो, तिला कन्नडमध्ये ‘धाटी’ म्हणतात. आणि कन्नड पदाच्या माथ्यावर धाटी म्हणून मराठी पदाचे नाव, असा उलटा शिलालेखही मग तयार झाला. ज्या अण्णासाहेबांनी कानडी चाली उचलल्या, त्यांच्या वारसांकडून कन्नड मंडळींनी आपले येणे असे व्याजासह वसूल केले!

गायकांची गोष्ट तर याहून बोलकी आहे. कुंदगोळचे सवाई गंधर्व हे कन्नडभाषक; त्यांनी मराठी रंगभूमी गाजवली. त्यांचे गुरू अब्दुल करीम खाँ मिरजेला राहिले, म्हैसूरला गेले, आणि त्यागराजांची खरहरप्रियेतली कृती आपल्या किराणा ढंगाने गाऊन तिची तबकडी काढून आले. सवाई गंधर्वांचे शिष्य भीमसेन जोशी गदगचे. त्यांनी पुरंदरदासांची कन्नड पदे हिंदुस्थानी रागांत गाइली आणि तुकोबांचे अभंग मैफलीत नेले. पुरंदरदासांना कर्नाटक संगीताचे पितामह मानतात, आणि त्यांची मुद्रिका मात्र आपल्या पंढरपूरच्या विठ्ठलाची. ते पद कर्नाटक पद्धतीने ऐकावे आणि मग भीमसेनांकडून ऐकावे. शब्द तेच, देव तोच. पण घर बदलल्यासारखे वाटते. दोन्ही घरे आपलीच.

कुमार गंधर्वांचा जन्म 1924 सालचा, बेळगावजवळच्या सुळेभावीचा. घरची भाषा कन्नड. मोठमोठ्या गवयांच्या तबकड्या हुबेहूब गाऊन दाखवणारा मुलगा म्हणून ते प्रथम प्रसिद्धीस आले. येथेच थांबले असते तर उत्तम नकलाकार म्हणून विसरले गेले असते. पण पुढे देवासला राहून त्यांनी माळव्याची लोकगीते रागसंगीतात आणली, आणि ‘मला उमजलेले बालगंधर्व’ या कार्यक्रमात बालगंधर्वांचीच पदे आपल्या पद्धतीने गाइली. त्या नावातला ‘उमजलेले’ हा शब्द मला फार महत्त्वाचा वाटतो. लहानपणच्या तबकडीत गाणे पाठ झालेले होते, या कार्यक्रमात ते उमजलेले होते. आजच्या मुलांनी केलेल्या नव्या रूपांची परीक्षाही याच कसोटीवर करावी. वाद्य कोणते घेतले यावरून ती करू नये.

आपल्यापुढचे काम

हे सगळे पुस्तकी वाटेल, म्हणून एक प्रसंग सांगतो. दोन वर्षांपूर्वी आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनात नववीच्या मुलींनी एक गाणे म्हटले. चाल आपल्या भागातल्या कन्नड जनपदगीताची, शब्द मुलींनीच जुळवलेले, मराठी, ज्वारीच्या हुरड्यावरचे. कार्यक्रम संपल्यावर एक मराठी पालक मला म्हणाले, “सर, आपल्या मुलांना आपली चाल नाही का?” पाच मिनिटांनी एक कन्नड पालक आले आणि म्हणाले, “सर, चाल आमची, मग शब्द आमचे का नाहीत?” दोघेही सज्जन, आणि दोघांचाही प्रश्न मनापासूनचा होता. मी दोघांना चहाला बसवले आणि अण्णासाहेबांची गोष्ट सांगितली. ती किती पटली ठाऊक नाही, पण दोघे एकाच रिक्षाने घरी गेले.

त्यांच्या प्रश्नामागची काळजी मला कळते. 1956 साली भाषावार प्रांतरचना झाली आणि हैदराबाद संस्थानातले आपले जिल्हे तेव्हाच्या म्हैसूर राज्यात आले. 2014 साली गुलबर्ग्याचे कलबुर्गी झाले. भालकी, औराद, बसवकल्याण, आळंद या बाजूच्या मराठी घरांतली मुले आज कन्नड किंवा इंग्रजी माध्यमात शिकतात, आणि घरातली मराठी बोलण्यापुरती उरते. अशा वेळी जे आहे ते घट्ट धरून ठेवावेसे वाटणे स्वाभाविक आहे. पण चालींचा इतिहास सांगतो की, शेजाऱ्याची चाल घेतल्याने कुणाची भाषा बुडाली नाही. भाषेला धोका आहे तो म्हणणारे तोंडच बंद होण्याचा.

आमच्या आजीची पदांची एक वही माझ्याकडे आहे. मंगळागौरीची गाणी, डोहाळे, पाळणे, आरत्या, असे तिने आयुष्यभर उतरवून ठेवलेले. नाटकाच्या पुस्तकाप्रमाणे तिनेही प्रत्येक गाण्यावर चाल लिहिली आहे. एका पाळण्यावर लिहिले आहे, ‘चाल – नाटकातली’. एका डोहाळ्यावर, ‘चाल – शेजारची गौडसानी जात्यावर म्हणते ती’. आजी गेली, ती गौडसानीही गेली. शब्द माझ्यापुढे आहेत, चालीचा पत्ताही आहे, आणि चाल नाही. त्या पत्त्यावर आता कुणी राहत नाही.

शास्त्रीय संगीताची काळजी घ्यायला विद्यापीठे आहेत, अकादमी आहेत, तबकड्यांचे संग्राहक आहेत. शेजारच्या गौडसानीची काळजी आपल्याखेरीज कोण घेणार? म्हणून वाचकांना एक विनंती करतो. या दिवाळीच्या सुट्टीत नातवंडे घरी येतील. त्यांच्या हातात मोबाइल असेलच. घरातल्या आजी-आजोबांना एकेक गाणे म्हणायला लावा, मराठी असो की कन्नड की दख्खनी, आणि ते ध्वनिमुद्रित करून ठेवा. मुलांनी ते पुढे गिटारवर म्हटले तरी हरकत घेऊ नका. एकच अट घाला. गाण्याच्या सुरुवातीला, जुन्या नाटककारांप्रमाणे, एक ओळ बोलून ठेवायला सांगा : चाल अमुक गाण्याची, अमुक गावची, अमुक बाईकडून ऐकलेली. बाकीचे सगळे त्यांना बदलू द्या. ती ओळ मात्र वगळू देऊ नका.